मिरजेचे डॉ. वॉनलेस : साथीच्या आधी पोचलेली मदत

सांगलीहून मिरजेकडे निघालात की विश्रामबागला लागूनच वानलेसवाडी येते. रिक्षावाल्याला हे नाव सांगावे लागत नाही. घरे, शाळा, दुकाने, बसथांबा, सगळीकडे ते इतके रुळले आहे की एखाद्या जुन्या मराठी आडनावावरून पडले असावे, असेच कुणालाही वाटेल. मिरजेत तर आजही जुनी माणसे मिशन हॉस्पिटल म्हणतात आणि त्याच दमात वॉनलेस हॉस्पिटल म्हणतात. ही दोन्ही नावे एकाच माणसाची आठवण आहेत. कॅनडात जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये वैद्यक शिकलेला आणि आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे कृष्णाकाठी घालवलेला हा शल्यविशारद म्हणजे सर विल्यम जेम्स वॉनलेस.

कोरोनाच्या साथीनंतर गरीब देशांना आरोग्यासाठी मिळणाऱ्या परदेशी मदतीची चर्चा पुष्कळ झाली. लसी कुणी द्यायच्या, पैसा कुणी द्यायचा, तो वेळेवर का पोचत नाही, असे प्रश्न विचारले गेले. सातारा-सांगलीच्या भूमीने अशी मदत सव्वाशे वर्षांपूर्वी अनुभवली आहे. ती कशी आली, प्लेगच्या काळात तिचे मोल काय ठरले आणि नंतर तिचे काय उरले, हे वॉनलेस यांच्या आयुष्यातून चांगले दिसते.

सांगलीतला दवाखाना

वॉनलेस यांचा जन्म 1865 मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी न्यूयॉर्कमध्ये पूर्ण केले. 1889 मध्ये पदवी हाती आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते पत्नी मेरी यांच्यासह हिंदुस्थानात दाखल झाले. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चच्या परदेशी मिशनने त्यांना पाठवले होते. या मिशनचे काम कोल्हापूर आणि दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांत आधीपासून चालू होते, पण शस्त्रक्रिया करू शकेल असा डॉक्टर हवा होता.

तेव्हाचा नकाशा आजच्यासारखा नव्हता. सातारा हा इंग्रजी अमलाखालचा मोठा जिल्हा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे आज सांगलीत असलेले तालुके त्यावेळी साताऱ्यात मोडत. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. औषधोपचार म्हणजे वैद्य, हकीम, सुईण आणि गावोगाव फिरणारे मोतीबिंदू पाडणारे. हे लोक सुईसारख्या हत्याराने डोळ्यातला पडदा खाली ढकलत. काही दिवस बरे दिसे आणि मग अनेकांचा डोळा पिकून कायमचा जाई. मूल अडले, आतडे अडकले, पोटात गाठ झाली, तर करण्यासारखे फारसे काही नसे.

वॉनलेस यांनी सुरुवात केली ती सांगलीतल्या एका लहान दवाखान्यापासून. पुढे मिरज संस्थानात जागा मिळाली आणि ते तिकडे गेले. मिरज निवडण्यात मोठे शहाणपण होते. पुणे आणि बेळगाव यांना जोडणारा लोहमार्ग मिरजेवरून जात होता आणि 1891 मध्ये कोल्हापूरचा फाटाही तिथे येऊन मिळाला. जंक्शन असलेल्या गावात रुग्णालय उभे राहिले, तर कऱ्हाड, सातारा, बेळगाव, कोल्हापूर अशा चारी बाजूंनी रुग्ण आगगाडीने येऊ शकणार होते.

इमारतीसाठी पैसा आला तो अमेरिकेतील फिलाडेल्फियाहून. जॉन कॉन्व्हर्स हे त्यातले मुख्य दाते. ते बाल्डविन या आगगाडीची इंजिने बनवणाऱ्या प्रसिद्ध कारखान्याच्या चालकांपैकी एक होते. 1894 मध्ये मिरजेचे रुग्णालय सुरू झाले.

विश्वास कसा जमला

रुग्णालय बांधणे सोपे, त्यात माणसे येणे अवघड. परक्या धर्माचा, परक्या भाषेचा डॉक्टर, त्याच्या हातचे पाणी, त्याच्या खोलीतले जेवण, शेजारच्या खाटेवर कोणत्या जातीचा रुग्ण, असे शंभर प्रश्न त्या काळच्या माणसापुढे होते. शिवाय मिशनचा हेतू लपलेला नव्हता. औषधाबरोबर येशूचा उपदेशही होता, आणि लोकांना ते ठाऊक होते. त्यामुळे संशय स्वाभाविक होता. या गोष्टीवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. बाहेरून येणारी मदत बहुधा आपला एखादा हेतू घेऊनच येते. कधी तो धर्माचा असतो, कधी राजकारणाचा, कधी व्यापाराचा. घेणाऱ्याने तो ओळखून, आपल्याला काय हवे ते ठरवायचे असते.

वॉनलेस यांच्या बाजूने बोलले ते मोतीबिंदूचे रुग्ण. डोळ्यात सुई खुपसून पडदा ढकलण्याऐवजी ते तो शस्त्रक्रियेने बाहेर काढत, हत्यारे आणि हात स्वच्छ ठेवत. हात धरून आणलेली आंधळी म्हातारी काही दिवसांनी आपल्या पायांनी गावात परतली की त्या गावाला दुसरी जाहिरात लागत नसे. पुढच्या गाडीने तिथून आणखी चार जण येत. हळूहळू पोटाच्या अवघड शस्त्रक्रियांसाठीही मिरजेचे नाव झाले. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातला रुग्ण मिरजेला नेला म्हणजे आता शक्य तेवढे सगळे केले, अशी भावना रुजली. मिरजेची डॉक्टरांचे गाव ही आजची ओळख तिथून सुरू होते.

उंदीर पडू लागले

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत, मांडवी भागात, प्लेगचे निदान झाले. हाँगकाँगमधून जहाजांच्या मार्गाने पसरलेली ही जगाची तिसरी मोठी प्लेगची साथ होती. मुंबईहून माणसे गावाकडे पळाली आणि प्लेग त्यांच्याबरोबर आगगाडीने निघाला. गिरण्यांत काम करणारे कितीतरी लोक सातारा जिल्ह्यातले होते. पुढच्या काही वर्षांत सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर, बेळगाव या सगळ्या पट्ट्यात प्लेग पुन्हा पुन्हा येत राहिला. ज्या लोहमार्गाने रुग्ण मिरजेला पोचत होते, त्याच मार्गाने रोगही पोचला.

आधी घरात उंदीर मरून पडत. मग माणसाला थंडी वाजून ताप भरे, जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि अनेकदा आठवड्याच्या आत सगळे संपे. गाठीच्या प्लेगवर औषध नव्हते. उपचार न मिळालेल्या रुग्णांतले निम्म्याहून अधिक दगावत. जंतू 1894 मध्येच सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवांमधून माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमों यांनी 1898 मध्ये दाखवले आणि तज्ज्ञांनी ते पूर्णपणे मान्य करायला आणखी काही वर्षे गेली. लोकांनी मात्र अनुभवाने एक गोष्ट शिकून घेतली होती. उंदीर पडले की गाव सोडायचे आणि माळावर, शेतात झोपड्या घालून राहायचे. आज पाहता तो उपाय शास्त्राला धरूनच होता, कारण उंदीर आणि पिसवा मागे राहत.

त्यातच 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ पडले. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या 1891 च्या शिरगणतीत सुमारे 12 लाख 25 हजार होती. ती 1901 मध्ये सुमारे 11 लाख 46 हजारांवर आली. वाढण्याऐवजी दहा वर्षांत सुमारे 80 हजार माणसे कमी झाली. काही पोटासाठी मुंबईला गेली, बाकीची भुकेने आणि रोगाने गेली.

सरकारने 1897 मध्ये साथरोग कायदा केला. पुण्यात सैनिकांकरवी घरे तपासली गेली, माणसे ओढून छावण्यांत नेली गेली. लोक रोग लपवू लागले. रुग्णाला माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे दडवू लागले. तो संताप कुठवर गेला, हे रँडच्या खुनाने जगाला कळले. त्याच पुण्यात, त्याच वर्षी, सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होते. एका आजारी मुलाला स्वतः उचलून आणताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. साथ एकच होती. लोकांनी सक्तीपासून रुग्ण लपवले आणि आपुलकीने उघडलेल्या दवाखान्यात स्वतः आणून दिले. साथ रोखणाऱ्याच्या हाती विश्वास नसेल तर कायदा फार दूर पोचत नाही.

तुपाच्या थेंबांवर वाढलेली लस

बाहेरची दुसरी मोठी मदत मुंबईत उभी राहत होती. ओडेसात जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आलेले वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका साध्या खोलीत प्लेगची लस तयार केली. जंतू वाढवायच्या रसावर ते तुपाचे थेंब टाकत. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारून लस बनवली जाई. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

1898 मध्ये मिरजेच्या दक्षिणेला, त्याच लोहमार्गावरच्या हुबळीत, तीस हजारांहून अधिक लोकांना ही लस दिली गेली. टोचलेल्यांत मृत्यूचे प्रमाण न टोचलेल्यांपेक्षा बरेच कमी आढळले. पण लस बाटलीत असून भागत नाही. ती टोचायला शिकलेले हात हवेत, सुया उकळणारे कोणी हवे, दोन दिवस ताप येईल हे आधी समजावून सांगणारे कोणी हवे. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका दूषित बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने मेले. त्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि तो पुसायला कित्येक वर्षे लागली. एका बाटलीच्या चुकीने लाखो लोकांच्या मनात भीती बसते, हे तेव्हाही खरे होते.

मिरजेचे वेगळेपण इथे लक्षात येते. प्लेग आला तेव्हा तिथे रुग्णालय आधीच उभे होते. फार जुने नव्हते, दोन-चार वर्षांचेच होते. पण जिथे शेकडो माणसे डोळे घेऊन परतली होती, त्या दाराची भीती कमी झालेली होती. साथ सुरू झाल्यावर घाईने उभारलेल्या छावणीला ही मिळकत कधीच लाभत नाही.

शिकवलेले हात

वॉनलेस यांची सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट मात्र शस्त्रक्रिया नव्हती. एक परदेशी डॉक्टर कितीही राबला तरी एवढ्या मुलखाला पुरणार नाही, हे त्यांनी लवकर ओळखले. म्हणून रुग्णालय सुरू झाल्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांनी मिरजेत वैद्यकीय शिक्षण सुरू केले, परिचारिकांनाही शिकवायला घेतले. इथून शिकलेले डॉक्टर आणि परिचारिका दूरदूरच्या मिशन दवाखान्यांत गेल्या. त्या काळी मुलींनी परक्या रुग्णाची शुश्रूषा करणे, मलमपट्टी करणे, रात्रपाळी करणे ही लहान गोष्ट नव्हती. देशभरातल्या मिशनच्या डॉक्टरांना एकत्र आणणारी संघटना 1905 मध्ये स्थापन झाली. तिच्या उभारणीतही वॉनलेस यांचा हात होता. आजची ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडिया तिच्यातूनच वाढली.

प्लेग ओसरला तरी काम संपले नाही. समाजाने टाकून दिलेल्या कुष्ठरोग्यांसाठी मिरजेत वेगळे आश्रयस्थान आणि रुग्णालय झाले. 1918 मध्ये मानमोडी म्हणून आपल्या आजी-पणजीने सांगितलेला इन्फ्लुएंझा आला आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेला. त्यानंतर वॉनलेस यांचे लक्ष वळले ते क्षयाकडे. क्षयावरचे पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला अजून दोन दशके होती. मोकळी हवा, विश्रांती आणि पोटभर सकस अन्न एवढाच उपचार होता. त्यासाठी गावाबाहेर, सांगली आणि मिरजेच्या मधल्या मोकळ्या माळावर, 1920 च्या सुमारास क्षयरोग्यांचे आरोग्यधाम उभे राहिले. त्याभोवती वस्ती झाली आणि लोकांनी वस्तीला डॉक्टरांचेच नाव दिले. वॉनलेसचे वानलेस झाले आणि पुढे वाडी लागली.

पत्नी मेरी यांची आठवण कोल्हापुरात राहिली. तिथल्या मेरी वॉनलेस रुग्णालयाचे नाव त्यांच्यावरून आहे. सरकारने वॉनलेस यांना कैसर-ए-हिंद पदक दिले आणि 1928 मध्ये सर हा किताब दिला. त्याच सुमारास ते निवृत्त होऊन अमेरिकेला परतले. तोवर रुग्णालयाची धुरा डॉ. चार्ल्स व्हेल यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी उचललेली होती. हिंदुस्थानातल्या कामाच्या आठवणींचे वॉनलेस यांचे पुस्तक 1932 मध्ये निघाले. पुढच्याच वर्षी, मार्च 1933 मध्ये, कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे

1962 मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सुरुवातीच्या काळात त्याच्या विद्यार्थ्यांनी मिशन रुग्णालयाच्या वॉर्डांतही धडे घेतले. पुढे ते शासकीय महाविद्यालय म्हणून वाढले. मार्च 2020 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले आणि सगळा जिल्हा हादरला, तेव्हा उपचारासाठी मिरजेचेच शासकीय रुग्णालय पुढे आले. सरकारने त्यावेळी आधार घेतला तो 1897 च्याच साथरोग कायद्याचा. कायदा जुनाच होता, पण या वेळी जिल्ह्यात डॉक्टर होते, परिचारिका होत्या, गावोगाव आशा ताई होत्या.

मिशन रुग्णालयावर मात्र गेल्या काही वर्षांत आर्थिक ओढाताणीचे दिवस आले. परदेशी मदतीचा ओघ आटतो, दात्यांची पिढी बदलते, आजूबाजूला नवी रुग्णालये होतात आणि जुन्या संस्थेला स्वतःच्या पायांवर उभे राहणे कठीण जाते. जगातल्या अनेक गरीब देशांतल्या रुग्णालयांची कथा हीच आहे. मदत सुरू करताना ती संपल्यावर काय, हा प्रश्न विचारलेला नसतो.

कोरोनाच्या काळात आपण मदतीच्या दोन्ही बाजू पाहिल्या. जानेवारी 2021 पासून पुण्यात बनलेली लस भारताने अनेक देशांना पाठवली. कोव्हॅक्स या जागतिक योजनेची मोठी भिस्त त्याच लशीवर होती. मग एप्रिलमध्ये आपल्याकडे दुसरी लाट उसळली, निर्यात थांबली आणि आफ्रिकेतले कित्येक देश वाट पाहत राहिले. त्याच दिवसांत परदेशांतून आपल्या विमानतळांवर ऑक्सिजनची यंत्रे उतरत होती. यंत्रे आली, पण ती चालवणारा तंत्रज्ञ, दाब मोजणारी परिचारिका आणि अखंड वीज जिथे आधीपासून होती, तिथेच त्यांनी जीव वाचवले. या अनुभवातून जागतिक बँकेच्या आश्रयाने 2022 मध्ये साथींसाठी वेगळा निधी उभा राहिला. त्याचा भर साथ आल्यावर धावण्यापेक्षा आधीची तयारी, प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित माणसे यांवर आहे.

वॉनलेस यांनी हा विचार कोणत्याही निधीच्या मसुद्यात वाचलेला नव्हता. प्लेग येणार हे त्यांना ठाऊक असणेही शक्य नव्हते. त्यांनी रोजच्या दुखण्यांसाठी दवाखाना काढला, लोकांचा विश्वास कमावला आणि आपल्यामागे काम करतील असे हात तयार केले. साथ आली तेव्हा हे सगळे जागेवर होते. आज एखाद्या देशाला किंवा आपल्याच एखाद्या दुर्गम तालुक्याला मदत पाठवताना किती बाटल्या, किती यंत्रे याबरोबरच आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. साथ नसलेल्या दिवशी तिथला दवाखाना उघडा असतो का? आणि पैसा थांबल्यावर तो उघडा ठेवणारी माणसे तिथलीच आहेत का?

पुढच्या वेळी विश्रामबागहून मिरजेला जाताना वानलेसवाडीची पाटी दिसली, तर रस्त्याकडेच्या त्या जुन्या माळाकडे जरा पाहा. क्षयावर औषध नव्हते त्या काळात घरच्यांनी वेगळे काढलेले रुग्ण तिथे उन्हात खाट टाकून पडलेले असत, आणि त्यांच्या उशाशी इथेच शिकलेली एखादी परिचारिका उभी असे.